चिंचोळी एमआयडीसीत नोकरी आणि माउंटन बाइकचा नाद: सोलापुरात घर कुठं बघावं?

उतारावरचा (सोमवार, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं पुण्यात काढून परत गावी येतोय. मूळचा साखर पेठेतला. नोकरी चिंचोळी एमआयडीसीत, जनरल शिफ्ट, साडेआठला पंचिंग. बायकोला सात रस्त्याजवळच्या शाळेत नोकरी मिळाली आहे, तिला साडेसातच्या आत पोचावं लागेल. पाच वर्षांची मुलगी तिच्याच शाळेत. गाडी एकच, ती त्या दोघी नेणार. म्हणजे मी सायकलवर. यात दुःख काही नाही, हौसच आहे.

अडचण वेगळीच आहे. पुण्यात कोथरूडला असताना पहाटे साडेपाचला निघायचं, वेताळ टेकडीवर तास-सव्वा तास सायकल हाणायची आणि सव्वासातला घरी येऊन अंघोळ, असं चालायचं. ती सवय मोडायची नाही. सायकल हार्डटेल (मागं सस्पेन्शन नसलेली), पुढं १२० मिमीचं सस्पेन्शन, टायर २९ बाय २.२५.

सध्या तीन जागा डोक्यात आहेत. जुळे सोलापुरात फ्लॅट, पुणे रोडला बाळे-केगावकडं रो हाउस, नाहीतर तुळजापूर रोडला काहीतरी. आईचं म्हणणं, पेठेतलं घर असताना बाहेर कशाला? तिथं सायकल माळ्यावर टांगायला जागा आहे म्हणते. मला माळ्यावर नाही, माळावर जायचंय.

जाणकारांनी सांगावं.

बिनब्रेक (सोमवार, रात्री ११:०५)

माउंटन बाइक? सोलापुरात? मालक, आमच्याकडं डोंगर म्हणजे क्रशरवरचा खडीचा ढीग. सायकलीतलं 'माउंटन' पुण्यातच ठेवा आन् मग या.

तुळजापूररोडकर (मंगळवार, सकाळी ७:२०)

बिनब्रेक, तुम्ही घराबाहेर पडत नाही म्हणून डोंगर दिसत नाही.

उतारावरचा, तुळजापूर नाक्याच्या पुढं बघा. रूपाभवानीच्या देवळापासून निघालात की थोड्याच वेळात हिप्परग्याचा तलाव. कडेनं माती, पायवाटा, थंडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरलेले असले तर सायकल आडवी टाकून बघत बसावं. रविवारी उळे, कासेगाव, तामलवाडी करत थेट तुळजापूर, साधारण ४५ किलोमीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, तुळजापूर साडेसहाशेच्या. शेवटी बालाघाटाचा घाट लागतो, आणि घाटाच्या अलीकडं जो माळ आहे तो तुमच्या वेताळ टेकडीच्या तोंडात मारेल.

एकच अट. कोजागरीला हा रस्ता आपला नसतो. लोक रात्रभर चालत तुळजापूरला जातात, गाड्या बंद. त्या दिवशी आम्हीही चालतच जातो.

उतारावरचा (मंगळवार, दुपारी १:१५)

मोह होतोय. पण ऑफिस बरोबर उलट्या दिशेला. रोज सकाळी आख्खं शहर कापून पुणे नाका गाठायचा आणि मग चिंचोळी. बायकोच्या भाषेत, "देव तुळजापूरला आणि नैवेद्य पंढरपूरला."

माळकरी (मंगळवार, रात्री ९:४०)

वेळ काढून लिहितोय, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

रविवारी कुठं जाणार हे बघून घर घेऊ नका. मंगळवारी पहाटे पावणेसहाला कुठं जाणार ते बघून घ्या. मी पाच वर्षं तुळजापूर रोडला राहिलो, केवळ घाटासाठी. एकदा स्ट्राव्हावर (सायकलफेऱ्या नोंदवणारं अ‍ॅप) मोजलं, तर वर्षभरात घाट केलेला अकरा वेळा. उरलेले दिवस हायवेच्या कडेनं ट्रकचा धूर खात शहरात यायचं आणि तसंच परत जायचं. घाट कुठं पळून जात नाही. महिन्यातून एकदा गाडीच्या कॅरिअरला सायकल लावून गेलं तरी भागतं. भागत नाही ते रोजच्या तासाभराचं.

आता जमिनीचं. सोलापूरच्या भोवती दोन तऱ्हेची जमीन आहे. एक काळी, सीना-भीमेच्या बाजूची. दुसरी मुरमाड, पाणलोटाच्या उंचवट्यावरची, जिला आपण माळ म्हणतो. काळ्या रानातल्या गाडीवाटा थंडीत झकास असतात, ज्वारीच्या मधून जाताना दोन्ही खांद्यांना दव लागतं. पण उन्हाळ्यात त्याच वाटेला हात हात खोल भेगा पडतात, आणि भेग वाटेच्या दिशेनं असली तर पुढचं चाक त्यात बसतं. पावसाळ्यात तर विषयच संपला. मी एकदा सप्टेंबरात तिऱ्ह्याच्या अलीकडं पाणंदीत सायकल घातली. वीस पावलांत टायर दुप्पट जाड. पन्नासाव्या पावलावर फोर्क आणि चाकाच्या मध्ये चिखल असा बसला की चाक फिरायचंच थांबलं. उचलायला गेलो तर बारा किलोची सायकल पंचवीस किलोची झालेली. शेतातल्या एका मावशीनं खुरपं दिलं. मी खरवडत बसलेलो, ती शेजारी उभी. "केवढ्याला घेतली ओ?" मी आकडा सांगितला. ती थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, "बैल आला असता की."

मुरमाचं तसं नाही. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, त्यातही सप्टेंबरात जास्त. मुरमावरचं पाणी दोन-तीन तासांत निचरून जातं. रात्री पडला तरी पहाटे जाता येतं. वर्षाचे दहा-अकरा महिने चालणारी जमीन हीच. आणि ती घरापासून लवकर लागते बाळ्याच्या उत्तरेला, पुणे रोड आणि बार्शी रोडच्या मधल्या पट्ट्यात, गुळवंची-कारंब्याच्या अंगानं. चढ पंधरा-वीस मीटरचेच, पण एकापाठोपाठ एक. वीस चढले की पाय बोलायला लागतात.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही ती उन्हाची. बाळ्याहून चिंचोळीला जाताना तुम्ही पश्चिमेकडं निघता, सूर्य पाठीशी. संध्याकाळी परत येताना पूर्वेकडं तोंड, सूर्य पुन्हा पाठीशी. उलट राहणाऱ्यांना दोन्ही वेळा ऊन डोळ्यांत, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत, हे जास्त वाईट. एप्रिल-मे महिन्यांत ४२-४३ अंशांत संध्याकाळी साडेपाचला निघायचं असतं तेव्हा याची किंमत कळते. वाऱ्याचं उलटं आहे. जून-जुलैत वारा पश्चिमेचा, सकाळी तोंडावर येईल, संध्याकाळी ढकलत घरी आणेल. मला तेच बरं वाटतं, दमलेलो संध्याकाळीच असतो.

तोटाही सांगतो. पुणे रोडला सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूनं येणारी मोटरसायकल गृहीत धरूनच चालवायचं. आणि उसाचा सीझन. दिवाळीनंतर फेब्रुवारी-मार्चपर्यंत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर उसाचे शेंडे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले. डिसेंबरात सहा वाजता अंधारतं. त्या महिन्यांत मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा आणि ट्रॉलीला ओव्हरटेक करू नका, मागंच राहा. गुऱ्हाळाला चाललोय असं समजायचं.

बिनब्रेक (मंगळवार, रात्री १०:०२)

"बैल आला असता की" हे फ्रेम करून लावतो.

बायपासवाला (बुधवार, सकाळी ८:१०)

जुळे सोलापूरची बाजू कुणीच मांडंना, म्हणून मी.

मी आसरा चौकाजवळून रोज चिंचोळीला जातो, त्यातले दोन दिवस सायकलवर. शहरातून गेलं तर सिग्नल आणि रिक्षा. म्हणून विजापूर रोडनं सोरेगावच्या पुढं जाऊन बायपास धरतो, देगावच्या बाजूनं केगावला निघतो. लांब पडतं, वीसच्या वर किलोमीटर होतात, पण पाय एकदाही टेकवावा लागत नाही. बायपासवर सावलीला झाड नाही आणि कंटेनर शेजारून गेला की आधी ढकलतो, मग ओढतो. हार्डटेलवर जाडे टायर घालून रोज जाल तर महिन्यात सायकल विकाल. मी दोन चाकजोड्या ठेवल्यात, गुळगुळीत टायरची वेगळी.

मातीसाठी मात्र इकडं हाल आहेत. वनविहार जवळ, पण पहाटे फिरणाऱ्यांची इतकी गर्दी की तिथं सायकल घालणं मला स्वतःलाच पटत नाही. मग सुट्टीच्या दिवशी मंद्रूपकडून हत्तरसंग कुडलला जातो, सीना-भीमेच्या संगमावर. रस्ता डांबरी, पण १०१८ सालचा मराठी शिलालेख बघून शेंगा खात बसायला त्याच्याइतकी जागा नाही.

शेंगाचटणी (बुधवार, दुपारी ३:३०)

सगळ्यांचं वाचलं. टायर झाले, वारा झाला, सूर्यही झाला. आता घरात राहणाऱ्या बाकीच्यांचं कुणी बोलेल का?

दादा, तुमच्या घरात सायकलवर एक जण आणि शाळेत दोघी. बाळ्याहून सात रस्ता म्हणजे पुणे नाका, स्टेशनचा परिसर, हे सगळं सकाळी पावणेसात-सातला पाच वर्षांच्या झोपाळू पोरीला घेऊन. मी केगावला तीन वर्षं राहिले. नवरा खूश, कारण त्याचं काम पुणे रोडलाच. मी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत आठ. दूध, भाजी, दवाखाना, सगळ्यासाठी गाडी काढायची. रात्री कॉलनीच्या तोंडाशी दिवा नसायचा.

आणि पाणी. पुण्यातून येताय म्हणून सांगते, इथं नळाला रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. घर बघताना किचन ट्रॉल्या बघू नका, जमिनीतली टाकी किती लिटरची आणि बोअरला मे महिन्यात पाणी असतं का ते शेजाऱ्यांना विचारा. घरमालकाला नाही, शेजाऱ्यांना. दर रविवारी पाइप लावून सायकल धुवायचं स्वप्न असेल तर ते कोथरूडलाच सोडून या.

सासूबाईंचं पण बघा. पेठेतल्या बाईला बाळ्याला नेऊन बसवलं तर तिनं बोलायचं कुणाशी?

माळकरी (बुधवार, रात्री ९:०५)

शेंगाचटणी ताई, मान्य. माझ्या पोस्टमध्ये बायको नव्हती, कारण तेव्हा मला बायकोच नव्हती.

सायकल धुवायची नसतेच पण. वाळू द्यायची, ब्रशनं झाडायची, चेन फडक्यानं पुसून कोरडं ऑइल घालायचं. अर्धा तांब्या पाणी पुरतं.

टिटवी (गुरुवार, सकाळी ६:४५)

गुळवंची-कारंब्याच्या माळाची एवढी जाहिरात झालीच आहे तर थोडं माझंही ऐका. त्याच रस्त्यानं पुढं नान्नज आहे. माळढोकसाठीचं अभयारण्य, १९७९ साली जाहीर झालेलं. कुंपणातल्या गवताळ पट्ट्यांत सायकल घालायची नाही. आपल्याला ट्रेल दिसतो, तिथं काळवीट चरत असतात. बाहेरच्या माळावरही बैलगाडीची चाकोरी सोडू नका. माझ्या नावाच्या पक्ष्याची अंडी उघड्या मुरमावर असतात, खड्यांसारखीच दिसतात. टायरखाली गेली तरी तुम्हाला कळणार नाही.

लांडगे आहेत, पण ते तुम्हाला टाळतात. भीती धनगरांच्या कुत्र्यांची. मेंढरं दिसली की लांबूनच उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चालत पुढं व्हा, आणि धनगराला मोठ्यानं रामराम घाला. त्यानं उत्तर दिलं की कुत्रं निम्मं गार होतं.

उतारावरचा (पुढचा बुधवार, रात्री ११:२०)

सगळ्यांचे आभार. दोन दिवस रजा टाकून येऊन गेलो, सायकल गाडीवर लादून. प्रयोग केला तो सांगतो.

मंगळवारी पहाटे पावणेसहाला बाळ्याहून सुटलो. स्वेटर घालावं इतका गारवा. बार्शी रोडनं थोडं जाऊन डावीकडं मुरमाच्या वाटेला लागलो आणि दहाव्या मिनिटाला डांबर संपलेलं. वेताळ टेकडीला घरापासून एवढाच वेळ लागायचा. उजाडत होतं, गवत पिवळं, मधे मधे निवडुंग आणि लांबवर एका वस्तीवरचा धूर. चढ आला की गिअर बदलायचा, उतारावर मोकळं सोडायचं, तोवर पुन्हा चढ. माळकरी म्हणाले ते खरं, पंधरा-सोळा चढांनंतर मी मोजणं सोडलं.

आणि मग पुढचं चाक बसलं. उतरून बघतो तर टायरला सराट्याचे काटे. बसून काढायला लागलो, सतरा निघाले. एक पॅच लावून काय होणार? सायकल ढकलत बाळ्यात आलो. टपरीवाल्यानं ट्यूब घमेल्यात बुडवली. पाण्यात सोडावॉटरसारखे बुडबुडे. म्हणाला, "याला पंक्चर म्हणत नाहीत साहेब, याला चाळण म्हणतात." नवी ट्यूब घातली. एमआयडीसीच्या गेटवर पोचलो तेव्हा नऊ वीस. रजेवर होतो म्हणून बरं.

संध्याकाळी उलटा प्रयोग. बायको सोबत आली होती, तिनं गाडीतून बाळे ते सात रस्ता करून बघितलं. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

माळकरी (पुढचा बुधवार, रात्री ११:३५)

चूक माझी, सराट्याचं सांगायचं राहिलं. आजच्या आज ट्यूबलेस करा. टायरात सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) नेहमीपेक्षा जास्त घाला. पुण्यात चार-पाच महिने टिकत असेल, इथं मार्चनंतर दोन महिन्यांत वाळून रबराची पापडी होते, म्हणून चाक हलवून कानाला लावायचं. खळखळ ऐकू आली पाहिजे. घुसलेला सराटा जागेवर उपटायचा नाही. काटा तसाच राहू द्या, घरी गेल्यावर बघा. वेड्या बाभळीचा काटा मात्र लांब असतो, तो आत मोडला तर सीलंटचंही चालत नाही. खिशात पक्कड ठेवा.

बायपासवाला (गुरुवार, सकाळी ८:००)

आणि एवढी पायपीट झालीच होती तर तसंच पुढं लांबोटीला जाऊन मक्याचा चिवडा तरी खायचा होता.

शेंगाचटणी (गुरुवार, सकाळी ११:१०)

घरातलं बोलणं लिहिलं नाही ते समजलं. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

उतारावरचा (फेब्रुवारीचा शेवट, रविवार, संध्याकाळी ६:१०)

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून.

घर घेतलं नाही. बाळ्यात भाड्यानं राहतोय, अकरा महिन्यांचा करार. शेजाऱ्यांना विचारूनच टाकी आणि बोअर बघितलं (शेंगाचटणी ताई, पहिल्या दोन घरांतून त्यामुळंच सुटलो). आई पेठेतच आहे, जागची हलली नाही. शाळा सुटल्यावर मुलगी आजीकडं जाते, बायको काम आवरून तिला घेऊन येते. हा हिशेब आम्ही केलेलाच नव्हता, आजीनं परस्पर ठरवलं.

माझं सांगायचं तर आठवड्यात दोन-तीन पहाटा माळावर जातात. घरी येऊन अंघोळ, भाकरी, मग गुळगुळीत टायरची दुसरी चाकं लावून ऑफिस. सूर्य खरोखर पाठीशी असतो. तुळजापूरचा घाट तीन महिन्यांत एकदाच झाला. ट्रॉलीच्या मागं अर्धा तास चालवत घरी आलोय, तेही दोनदा.

बायकोची सकाळ वीस मिनिटांनी लवकर झाली. ती म्हणते, अकरा महिने ठीक आहे, बाराव्याचं नंतर बोलू. ते बोलणं काय होणार हे मला आत्ताच माहीत आहे, म्हणून रेल्वे लाईन्सकडं घरं बघून ठेवतोय. तिथून बाळे सायकलवर किती वेळ पडतं, कुणी केलंय का?

तुळजापूररोडकर (रविवार, संध्याकाळी ६:४०)

पहाटे पंचवीस मिनिटं धरा. सहानंतर निघालात तर पुणे नाक्यावर दहा वाढवा.

बिनब्रेक (रविवार, रात्री ८:१५)

मालक, पुढच्या रविवारी मी पण येऊलालो. बघू दे तुमचा माळ. फक्त सायकल नाही माझ्याकडं. एखादी जुनी पडलीय का?

उतारावरचा (रविवार, रात्री ८:२०)

आहे की. पेठेत, माळ्यावर टांगलेली.